स्थळ येताच सुरू होणारी चित्रफीत

बिलासपूर आणि नागपूर यांच्या दरम्यान रायपूरमार्गे धावणारी वंदे भारत गाडी ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाली. तिच्या डब्यात बसलेल्या प्रवाशास पुढील स्थानकाचे नाव पडद्यावर दिसते आणि ध्वनिवर्धकातून ऐकूही येते. ही सूचना देण्यासाठी कोणी माणूस खिडकीबाहेर पाहत उभा नसतो. गाडी या क्षणी कोठे आहे हे उपग्रहांच्या साहाय्याने यंत्रास समजते, आणि त्यावरून कोणती सूचना केव्हा द्यावयाची हे ते ठरविते. हेच तत्त्व पर्यटकांच्या मोटारगाडीस लावले, तर विशिष्ट स्थळ येताच त्या स्थळाची चित्रफीत आपोआप सुरू होईल अशी योजना करता येते.

कल्पना सोपी दिसते. परंतु आगगाडी रुळांवरून जाते, ठरलेल्या स्थानकांवर थांबते, आणि स्थानकाचे नाव अर्धा किलोमीटर आधी उच्चारले म्हणून काही बिघडत नाही. मोटारगाडीचे तसे नसते. ती वाटेत अडते, वळसा घेते, त्याच रस्त्याने परत येते. शिवाय चित्रफितीत "डावीकडे दिसते ते" असे म्हटले जाते, तेव्हा प्रवासी डावीकडे पाहतो आणि जे दिसेल तेच ते असे मानतो. छापील मार्गदर्शिका वाचणारा मनुष्य शंका आल्यास पान उलटून पाहतो. धावत्या गाडीतील प्रेक्षकास तशी सवड नसते. तीनशे मीटरांच्या चुकीने एका देवळाचा इतिहास दुसऱ्या देवळास चिकटतो आणि प्रवासी तो तसाच घरी घेऊन जातो. म्हणून या योजनेत खरे काम चित्रफीत दाखविण्याचे नसून, ती योग्य क्षणी दाखविण्याचे आणि तो क्षण चुकल्यास न दाखविण्याचे आहे.

हे काम कसे साधते ते पाहण्यासाठी रायपूर ते सिरपूर हा मार्ग उदाहरणादाखल घेणे सोयीचे आहे. रायपुरातून पूर्वेकडे निघालेली गाडी तेलीबांधा तलावाजवळून शहराबाहेर पडते, मंदिर हसौद मागे टाकून आरंग येथे येते, महानदीचा पूल ओलांडते, आणि पुढे महामार्ग सोडून उत्तरेकडे वळून वनातून सिरपूर गाठते. आरंगला मध्ययुगीन जैन मंदिर आहे. सिरपूर म्हणजे प्राचीन श्रीपूर, दक्षिण कोसलाची राजधानी. तेथे विटांचे लक्ष्मण मंदिर, नदीकाठचे गंधेश्वर मंदिर, सुरंग टीला आणि बौद्ध विहार आहेत.

स्थान कसे कळते

अमेरिकेची जीपीएस ही उपग्रहमालिका सर्वांत परिचित होय. तिची रचना मूळ २४ उपग्रहांची असून ते पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. प्रत्येक उपग्रह आपली वेळ आणि आपले स्थान सतत प्रक्षेपित करीत असतो. हा संदेश पृथ्वीवर पोहोचण्यास सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. गाडीतील ग्राही, म्हणजे संदेश ग्रहण करणारे यंत्र, या विलंबावरून उपग्रहाचे अंतर काढते. तीन अंतरांवरून अवकाशातील स्थान ठरते; परंतु ग्राहीतील स्वस्त घड्याळ अचूक नसल्यामुळे त्याची चूक काढण्यासाठी चौथ्या उपग्रहाची गरज पडते. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर असल्यामुळे घड्याळात सेकंदाच्या दशलक्षांशाची चूक झाली, तरी अंतर ३०० मीटरांनी चुकते, यावरून या गणिताची नाजुकता ध्यानात यावी.

मे २००० पर्यंत अमेरिकन शासन नागरी उपयोगाच्या संदेशात जाणूनबुजून चूक मिसळीत असे आणि स्थान शंभर मीटरांपर्यंत चुकत असे. ती चूक त्या महिन्यात काढून टाकण्यात आली. आज मोकळ्या आकाशाखाली साध्या ग्राहीची चूक सुमारे पाच मीटर असते. भारताची 'नाविक' ही प्रादेशिक प्रणाली असून तिच्या मूळ मालिकेतील पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी आणि सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी सोडण्यात आला. अनेक ग्राही आता एकाहून अधिक मालिकांचे संदेश वापरतात, त्यामुळे उंच इमारतींच्या किंवा झाडीच्या आडोशातही स्थान मिळण्याची शक्यता वाढते. तथापि चूक शून्य कधीच होत नाही. ती गृहीत धरून पुढची सर्व रचना करावी लागते.

ग्राही स्थान सांगते ते अक्षांश-रेखांशांत. येथे नवशिक्यास हमखास फसविणारी एक गोष्ट आहे. पुष्कळसे ग्राही अंश आणि कला या रूपात संख्या देतात, तर नकाशे बहुधा दशांश अपूर्णांकात देतात. रायपूरचा अक्षांश सुमारे २१ अंश १५ कला आहे. साठ कलांचा एक अंश होतो. म्हणून दशांशात तो २१.२५ अंश होय. तोच कोणी २१.१५ असा लिहिला, तर स्थळ ११ किलोमीटर दक्षिणेस सरकते आणि चित्रफीत दिवसभरात एकदाही सुरू होत नाही. यंत्र बिघडले अशा समजुतीने मग तारा तपासल्या जातात. दोष मात्र एका संख्येत असतो.

रायपूरच्या परिसरात अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटरांचा, तर रेखांशाचा एक अंश सुमारे १०३.८ किलोमीटरांचा भरतो. थोड्या अंतरासाठी पृथ्वीचा गोलाकार विसरून या दोन गुणकांनी आणि पायथागोरसच्या सिद्धांताने काम भागते. दशांश चिन्हानंतरचे पाचवे स्थान सुमारे एक मीटर दर्शविते. म्हणून स्थळांची नोंद पाच स्थानांपर्यंत करावी. त्यापुढील अंक निरर्थक असतात.

बिंदू नव्हे, क्षेत्र

"अमुक बिंदूवर गाडी आली की चित्रफीत सुरू करा" असा आदेश यंत्रास दिल्यास तो बहुधा कधीच पाळला जाणार नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते, आणि साधे ग्राही सेकंदातून एकदाच स्थान कळविते. नेमका तो बिंदू दोन नोंदींच्या मधे निसटतो. म्हणून बिंदूभोवती वर्तुळ कल्पावे लागते. त्याची त्रिज्या ग्राहीची चूक, एका सेकंदातील प्रवास आणि रस्त्याची रुंदी या तिन्हींना सामावून घेईल इतकी असावी. महामार्गावर ती ७५ ते १०० मीटर ठेवणे योग्य. सिरपूरच्या आतील रस्त्यावर, जेथे गाडी ताशी २० किलोमीटरने जाते, तेथे ३० ते ४० मीटर पुरेशी होते. सिरपुरातील काही अवशेष परस्परांजवळ आहेत. तेथे महामार्गाची मोठी वर्तुळे काढली, तर ती एकमेकांवर चढतील आणि कोणते स्थळ आले हे यंत्रास ठरविता येणार नाही.

दुसरी अडचण वर्तुळाच्या कडेची. गाडी कडेवर थांबली असता ग्राहीतील चुकीमुळे ती क्षणात आत तर क्षणात बाहेर असल्यासारखी भासते, आणि चित्रफीत पुनःपुन्हा पहिल्यापासून सुरू होते. उपाय असा की, प्रवेशाचे वर्तुळ लहान आणि निर्गमाचे मोठे धरावे. ७५ मीटरांच्या आत येताच स्थळ 'आले' असे मानावे. परंतु १२० मीटरांच्या बाहेर जाईपर्यंत ते 'गेले' असे मानू नये. शिवाय एकदा दाखविलेली फीत त्या फेरीत पुन्हा दाखवावयाची नाही, अशी खूण यंत्राने ठेवावी.

जाणे आणि येणे

सायंकाळी गाडी त्याच रस्त्याने परतते. सकाळी जे डावीकडे होते ते आता उजवीकडे असते, आणि आरंगचे वर्तुळ पुन्हा एकदा लागते. यास्तव केवळ स्थान पुरत नाही. दिशाही पाहावी लागते. ग्राही गतीची दिशा अंशांत सांगते: उत्तर म्हणजे शून्य, पूर्व म्हणजे नव्वद. आरंगची सकाळची फीत गाडी पूर्वाभिमुख असतानाच, म्हणजे उदाहरणार्थ ४५ ते १३५ अंशांच्या दरम्यान, सुरू व्हावी. मात्र गाडी उभी असताना ही दिशा विश्वसनीय नसते. म्हणून वेग ताशी पाच किलोमीटरांहून कमी असल्यास शेवटची खात्रीची दिशा कायम धरावी.

याहून भक्कम साधन म्हणजे क्रम. स्थळांना मार्गावरील क्रमांक दिले आणि यंत्र नेहमी पुढच्या एक-दोन क्रमांकांचीच वाट पाहत राहिले, तर भलत्या ठिकाणची फीत लागण्याचा संभव फार कमी होतो. एकाऐवजी दोन क्रमांक धरण्याचे कारण असे की, रस्ता बंद असल्याने एखादे स्थळ वगळले गेले तरी यंत्र त्याच स्थळाची वाट पाहत दिवसभर अडून राहू नये.

वेग आणि वेळ

नव्वद सेकंदांची प्रास्ताविक फीत महानदीच्या पुलावर संपावी असे वाटत असेल, तर ती केव्हा सुरू करावी? ताशी ६० किलोमीटर वेगाने नव्वद सेकंदांत गाडी दीड किलोमीटर जाते. म्हणून दीड किलोमीटर आधी. पण पुढे मालमोटारींची रांग असून वेग ताशी ३० झाला, तर फीत पुलाच्या पाऊण किलोमीटर अलीकडेच संपेल. म्हणजे ठराविक अंतर हे माप अपुरे पडते. उरलेले अंतर भागिले वेग, यातून येणारा वेळ फितीच्या लांबीइतका झाला की ती सुरू करावी, हा नियम अधिक बरा. वेग क्षणाचा न घेता मागील अर्ध्या मिनिटाचा सरासरी घ्यावा. गाडी अडून राहिल्यास उरलेला वेळ अमर्याद वाढतो आणि फीत उशिरा लागते. यासाठी किमान अंतराची जोड द्यावी, ज्याच्या आत वेग काहीही असो, फीत सुरू होईल.

हे उरलेले अंतर सरळ रेषेत मोजून चालत नाही. रायपूर ते सिरपूर हे हवाई अंतर साठ किलोमीटरांच्या आत आहे, पण रस्त्याने ते जवळजवळ ऐंशी भरते. म्हणून मार्गावर दर शंभर-दोनशे मीटरांवर एक बिंदू नोंदून प्रत्येकाचे आरंभापासूनचे रस्त्याचे अंतर तक्त्यात लिहून ठेवतात. ग्राहीने सांगितलेले स्थान जवळच्या बिंदूवर बसविले, की गाडी मार्गाच्या कितव्या किलोमीटरवर आहे हे कळते. गाडी या सर्व बिंदूंपासून बरीच दूर गेली, तर तिने मार्ग सोडला हेही उमजते आणि यंत्राने मौन धरावे.

इतके करूनही वेळेचा मेळ पूर्णपणे बसणार नाही. म्हणून चित्रफितीचेच दोन भाग करावे लागतात. पहिला भाग प्रस्तावनेचा: त्यात राजवंश, काळ, शोध यांची हकिकत येते आणि ती थोडी आधी-मागे झाली तरी चालते. दुसरा भाग निर्देशाचा: दहा-बारा सेकंदांचा, "आता डावीकडे पाहावे" असे सांगणारा, आणि तो स्थळी पोहोचताच सुरू होणारा. प्रस्तावना संपण्यापूर्वीच स्थळ आले, तर ती वाक्याच्या शेवटी थांबवून निर्देश द्यावा. याचा अर्थ असा की, लेखकाने प्रस्तावनेतील प्रत्येक परिच्छेद स्वयंपूर्ण लिहिला पाहिजे. जेथे तोडावे लागेल तेथे अर्थ लोंबकळत राहता कामा नये.

भाषांचा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. रायपुरात मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आहेत, आणि एकाच गाडीत मराठी, हिंदी, छत्तीसगढी आणि इंग्रजी जाणणारे प्रवासी असणे स्वाभाविक आहे. चित्र एकच ठेवून कर्णध्वनींतून वेगवेगळ्या भाषांचे निवेदन देता येते. परंतु एकच मजकूर निरनिराळ्या भाषांत सारखा वेळ घेत नाही. म्हणून सर्वांत लांब निवेदनाचा वेळ धरूनच आरंभबिंदू ठरवावा.

दोन स्थळांच्या मधला रस्ता

तेलीबांधा ते आरंग हा टप्पा सुमारे तीस किलोमीटरांचा. एवढा वेळ पडदा अखंड चालू ठेवणे इष्ट नाही. प्रवासी बाहेर पाहण्यासाठी आलेला असतो. तथापि जो मजकूर कोणत्याही एका स्थळाशी बांधलेला नाही, त्यास येथे जागा मिळते. बिंबाजी भोसले यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपूर येथून छत्तीसगडचा कारभार पाहिला, आणि १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले. ही माहिती येथे कोठेही सांगितली तरी खोटी ठरत नाही. याउलट लक्ष्मण मंदिराची माहिती त्या मंदिरापाशीच हवी. नाव लक्ष्मणाचे असले तरी हे मंदिर विष्णूचे आहे, इ. स. सातव्या शतकात महाशिवगुप्त बालार्जुन याची माता वासटा हिने दिवंगत पती हर्षगुप्त याच्या स्मरणार्थ ते उभारले. हेच वाक्य सुरंग टीला समोर असताना उच्चारले गेले, तर त्यातील प्रत्येक शब्द खरा असूनही प्रवाशास मिळालेले ज्ञान खोटे असते. त्याचप्रमाणे मो. गं. दीक्षित यांनी १९५३ ते १९५६ च्या दरम्यान केलेल्या उत्खननाची हकिकत विहारांपाशीच सांगावी. तेव्हा मजकूर लिहितानाच प्रत्येक परिच्छेदावर 'स्थलबद्ध' किंवा 'स्थलमुक्त' अशी नोंद करणे अगत्याचे आहे.

यंत्रसामग्री

सामग्री थोडी आहे: ग्राही, लहान संगणक, पडदा, ध्वनिवर्धक आणि वीजपुरवठा. सर्व चित्रफिती संगणकाच्या स्मृतीतच साठवाव्यात. वनातील रस्त्यावर दूरध्वनीचे जाळे क्षीण असते आणि आंतरजालावर विसंबलेली फीत ऐन वेळी अडखळते. पुढची फीत आधीच उघडून सज्ज ठेवावी, म्हणजे आदेश आणि चित्र यांत विलंब राहत नाही.

ग्राहीचा स्पर्शक धातूच्या छपराखाली ठेवू नये. त्यास आकाश दिसले पाहिजे. छपरावर किंवा समोरच्या काचेजवळ तो बसवावा. काही काचांवर धातूचा पातळ लेप असतो आणि तेथे काचेमागेही संदेश क्षीण होतो. बराच काळ बंद असलेल्या ग्राहीस उपग्रहांच्या कक्षांची ताजी माहिती मिळवावी लागते. जीपीएसच्या मूळ संदेशात एका उपग्रहाची ही माहिती पूर्ण येण्यास ३० सेकंद, तर संपूर्ण मालिकेचा तक्ता येण्यास साडेबारा मिनिटे लागतात. म्हणून गाडी सुटण्यापूर्वी पंधरा मिनिटे मोकळ्या जागी यंत्र चालू करण्याचा परिपाठ ठेवावा.

मोटारीची वीज १२ व्होल्टची, मोठ्या बसची २४ व्होल्टची असते, आणि इंजिन सुरू करताना दाब एकदम खाली येतो. त्या क्षणी संगणक बंद पडू नये यासाठी मधे दाब स्थिर ठेवणारे साधन आणि लहानसा संचायक घालावा. सर्वांत महत्त्वाचे हे की, पडदा चालकाच्या दृष्टीस पडता कामा नये, आणि कोणतीही कळ चालकाने दाबावी अशी रचना असू नये. यंत्र चुकले तर ते बंद करण्याची सोय सहायकाच्या हाती असावी.

वन्यप्राण्यांच्या सफारीत

नवा रायपूर येथील नंदनवन जंगल सफारी नोव्हेंबर २०१६ मध्ये खुली झाली. तेथे तृणभक्षक प्राणी, अस्वल, वाघ आणि सिंह यांचे स्वतंत्र विभाग असून प्रेक्षक वाहनात बसून जातात. अशा उद्यानास लहान वर्तुळांपेक्षा विभागाच्या कुंपणाशी जुळणारी बहुभुज क्षेत्रे अधिक उपयोगी पडतात: गाडी बहुभुजाच्या आत आहे काय, एवढेच पाहावयाचे. परंतु क्षेत्र ठरविले तरी प्राणी ठरविता येत नाही. वाघ दाट छायेत निजला असेल, तर "समोर वाघ दिसत आहे" हे वाक्य हास्यास्पद ठरते. म्हणून येथील फीत विभागात शिरण्यापूर्वी दाखवावी, त्यात प्राण्याची ओळख आणि खिडकीबाहेर हात न काढण्याची सूचना असावी, आणि आत शिरताच पडदा व ध्वनी दोन्ही शांत व्हावेत. यंत्राने स्वतःहून थांबण्याचा क्षणही स्थानावरूनच ठरवावयाचा असतो.

चाचणी

सर्व रचना कागदावर बरोबर दिसली तरी प्रवासी बसविण्यापूर्वी रिकाम्या गाडीने मार्ग तपासणे आवश्यक आहे. पहिल्या फेरीत ग्राहीची प्रत्येक नोंद साठवावी. त्या नोंदी घरी संगणकास पुन्हा पुरविल्या, की गाडी न हलविता तीच सहल वाटेल तितक्या वेळा चालवून पाहता येते. दुसऱ्या फेरीत एकाने पडद्याकडे आणि दुसऱ्याने खिडकीबाहेर पाहावे, आणि प्रत्येक निर्देश ऐकू आला तेव्हा ते स्थळ खरोखर दिसत होते काय हे लिहावे. ही तपासणी पावसाळ्यात पुन्हा करावी. वाढलेल्या झाडीआड हिवाळ्यात दिसणारे शिखर दिसेनासे होते. रस्ता रुंद झाला, नवा उड्डाणपूल झाला, तर तक्ताही बदलावा लागतो. पूल आणि त्याखालचा रस्ता यांचे अक्षांश-रेखांश एकच असतात, ही गोष्ट त्या वेळी विसरू नये.

इतके करूनही एखाद्या दिवशी ग्राहीस पुरेसे उपग्रह मिळणार नाहीत. ग्राही आपल्या नोंदीबरोबर किती उपग्रह वापरले आणि त्यांची मांडणी कितपत अनुकूल आहे हेही सांगत असते. ही खूण प्रतिकूल असेल, तेव्हा यंत्राने निर्देश देऊ नये. स्थलमुक्त मजकूर दाखवावा, किंवा पडदा कोरा ठेवावा. कोरा पडदा पाहून प्रवासी सहायकास "हे देऊळ कोणते?" असे विचारील, आणि त्यास नीट उत्तर देता यावे म्हणून स्थळांची एक छापील यादी सहायकाच्या आसनाजवळ टांगून ठेवावी.